मदत हवी आहे: छोट्या अनुदानांचे अहवाल येत नाहीत, दुसरा हप्ता सोडू की थांबवू?

मधुमालती
नमस्कार. स्थानिक गटांना छोटी अनुदानं देण्याच्या एका कार्यक्रमाचं समन्वयाचं काम माझ्याकडे आहे. पहिला हप्ता सगळ्यांना गेला. अहवाल निम्म्याहून कमी गटांचे आले आणि आलेल्यांपैकी बरेच अर्धवट आहेत. फोन केला की "पाठवतो ताई" म्हणतात, पुढे शांतता. कामं मात्र होतायत, काही ठिकाणी मी स्वतः जाऊन पाहिलंय. वर एकत्रित अहवाल महिनाअखेर द्यायचाय. आमचा लेखा विभाग म्हणतो दुसरा हप्ता अडवा. अडवला तर कामं मध्येच बंद पडतील. काय करू? "गटांची क्षमताबांधणी करा" असं कृपया सांगू नका, आत्ता तेवढा वेळ नाही.

हिशेबनीस
करारात काय लिहिलंय? पहिल्या हप्त्यातला किती खर्च दाखवला की दुसरा देय होतो, अहवाल आला नाही तर काय, याचं कलम असायला हवं. ते इथे टाका. शिवाय रक्कम किती, गट नोंदणीकृत आहेत का, पैसे कुणाच्या खात्यात गेले, हेही सांगा. त्याशिवाय सल्ला काय देणार?

तक्तेवाला
कोबो टूलबॉक्स वापरा. मोबाइलवर फॉर्म भरता येतो, नेटवर्क नसेल तरी चालतो, नंतर जोडणी मिळाली की माहिती वर जाते. फोटो आणि ठिकाणाची खूणही घेता येते. आम्ही कागदी अहवाल बंद केले तेव्हापासून पाठपुरावा निम्म्यावर आलाय. फॉर्मचा नमुना हवा असेल तर देतो.

डोंगरदरी
मी दुसऱ्या बाजूचा, अनुदान घेणाऱ्या गटातला. अहवाल का अडतात ते सांगतो. आमच्याकडे लिहू शकणारा माणूस एकच, आणि पाइप बसवायलाही तोच जातो. फॉर्ममध्ये 'अपेक्षित परिणाम', 'निष्पत्ती', 'निर्देशक' असे रकाने असतात, त्यात नेमकं काय घालायचं हे आम्हाला कुणी सांगत नाही. चुकीचं लिहिलं तर पैसे परत मागतील या भीतीने माणूस फॉर्म बाजूला ठेवतो. "पाठवतो" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच पाठवायचं असतं. मधुमालतीताई, तुमचा फॉर्म किती पानांचा आहे?

मधुमालती
चौदा पानांचा. निधीदाराचाच आहे, आम्ही तसाच पुढे पाठवला. इंग्रजीत आहे. रक्कम म्हणाल तर एका माणसाच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढी.

@हिशेबनीस, करारात "समाधानकारक प्रगती अहवाल मिळाल्यावर" एवढंच आहे, टक्केवारी नाही.

साकव
दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढ्या रकमेला चौदा पानं! मग अहवाल न येण्यात नवल काय?

तक्तेवाला, तुमचा उपाय वाईट नाही, पण तीच चौदा पानं मोबाइलवर भरायला लावली तर त्रास वाढेलच. आधी प्रश्न कमी करायला हवेत, फॉर्म कशावर भरायचा हे नंतर ठरवता येईल.

तक्तेवाला
मी कुठे म्हटलं चौदा पानं टाका? आमचा फॉर्म नऊ प्रश्नांचा आहे.

हिशेबनीस
फॉर्म लांब आहे हे मान्य. पण पावत्या कुठे आहेत? वर्णन थोडक्यात चालेल, पैशांचं तसं चालत नाही. लेखापरीक्षक पावती मागणार, आणि ती नसली तर खर्च अमान्य होऊन समन्वयक संस्थेच्या माथी येणार. गटांबद्दलच्या सहानुभूतीने ती रक्कम भरून निघत नाही. अहवाल येईपर्यंत हप्ता थांबवा असंच मी म्हणेन.

डोंगरदरी
हिशेबनीस साहेब, सामान वाहून नेणारा पावती देत नाही, एक दिवसाचा मजूरही देत नाही. म्हणून खर्च झाला नाही का? पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, रक्कम, तारीख, कशासाठी दिले, आणि गटातल्या दोघांच्या साक्षीच्या सह्या, असं व्हाउचर आम्ही करतो. आमच्या निधीदाराने ते स्वीकारलं, कारण सुरुवातीलाच विचारून ठेवलं होतं.

हिशेबनीस
व्हाउचर चालतं, नाही कुठे म्हटलं? पण ते त्याच दिवशी केलेलं हवं. शेवटी एकाच पेनाने, एकाच शाईत वीस व्हाउचरं लिहिलेली मी पाहिली आहेत. ती कोणीही ओळखतो.

नवखा_कार्यकर्ता
माफ करा, मध्येच विचारतो. आमचं एक युवा मंडळ आहे, वाचनालय चालवतो. अशी छोटी अनुदानं कुठे मिळतात?

अनुभवी_प्रवासी
@नवखा, जागतिक पर्यावरण सुविधा म्हणजे जीईएफ, तिचा लघु अनुदान कार्यक्रम 1992 पासून चालू आहे, तो मुख्यतः संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम राबवतो. पैसे थेट स्थानिक गटांना आणि संस्थांना मिळतात. एका प्रकल्पाची कमाल मर्यादा बराच काळ 50,000 अमेरिकी डॉलर होती. प्रस्ताव स्थानिक भाषेतही देता येतो, व्हिडिओच्या रूपातले प्रस्तावही त्यांनी घेतले आहेत. पण विषय पर्यावरणाचा हवा, नुसत्या वाचनालयाला जमणार नाही. जपानची तळागाळासाठीची मदत योजना 1989 पासून आहे, त्यात शाळा, दवाखाने असं बरंच काही बसतं. मात्र तिथे पगार आणि रोजचा चालू खर्च साधारणपणे धरत नाहीत आणि खरेदीसाठी तीन पुरवठादारांची दरपत्रकं मागतात.

यात मधुमालतींच्या कामाचीही एक गोष्ट आहे. जीईएफच्या कार्यक्रमात प्रत्येक देशाची सुकाणू समिती असते, तिच्यात बहुसंख्य सदस्य बिनसरकारी असतात आणि ते मानधन घेत नाहीत. निवड अशा समितीने केली की पुढे समन्वयक एकटा पडत नाही. तुमच्याकडे समिती आहे का? असेल तर हप्त्याचा निर्णय तिच्यापुढे ठेवा.

साकव
समितीचा विषय निघालाच आहे तर सांगते, समितीतल्या कुणाचा अर्जदार गटाशी संबंध असेल तर त्या अर्जाच्या चर्चेच्या वेळी त्याने बाहेर बसायचं आणि इतिवृत्तात तशी नोंद करायची. छोट्या भागात सगळेच एकमेकांना ओळखतात, त्यामुळे हे फार महत्त्वाचं आहे. एका ठिकाणी सदस्याच्या भावाच्याच गटाला...

मधुमालती
समिती आहे, पण ती फक्त निवडीपुरती. निवड झाली, त्यावर वाद नाही. कृपया हप्त्यावर बोलूया. महिनाअखेर अहवाल द्यायचाय.

दूरदेशी
कुठल्या देशातलं काम आहे आणि पैसे परदेशातून आले आहेत का, हे कुणी विचारलंच नाही. भारतात 2020 च्या दुरुस्तीनंतर परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेला परदेशातून आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला किंवा व्यक्तीला हस्तांतरित करता येत नाही, समोरच्याची नोंदणी असली तरीही. तसं असेल तर पहिला हप्ताच अडचणीचा ठरेल.

मधुमालती
पैसा देशातलाच आहे, एका खाजगी न्यासाचा. तो मुद्दा लागू नाही. आणि @हिशेबनीस यांनी विचारलेलं राहिलं: काही गट नोंदणीकृत आहेत, काही नाहीत. नोंदणी नसलेल्यांचे पैसे शेजारच्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात गेले.

हिशेबनीस
हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं! मग त्या गटांकडे पावत्या मागून काय होणार? पैसे यजमान संस्थेच्या, म्हणजे त्या शेजारच्या संस्थेच्या खात्यात, खर्च तिच्या वहीत, पावत्याही तिच्याच फायलीत असणार. अहवाल गट देणार की यजमान संस्था, हे लिहून ठरवलंय का? नसेल तर दोघंही एकमेकांची वाट बघत बसले असतील. आज फोन करायचा तो यजमान संस्थेच्या लेखापालाला.

मधुमालती
लिहून ठरलेलं नाही. लेखापालाला आत्ताच फोन करते.

अनुभवी_प्रवासी
या कार्यक्रमापुरता उशीर झालाय, पण पुढच्या वेळी पावत्यांऐवजी टप्प्यांवर पैसे देण्याचा विचार करा. अमेरिकी सरकारच्या अनुदान नियमांत 'ठरावीक रकमेचं अनुदान' असा प्रकार आहे. 'टाकी बांधली', 'प्रशिक्षण झालं' असे टप्पे आधीच ठरवायचे, प्रत्येकाची किंमत ठरवायची, टप्पा पुरा झाल्याचा पुरावा पाहून तेवढी रक्कम द्यायची. प्रत्येक खर्चाची पावती तपासत बसावं लागत नाही. सगळी मेहनत सुरुवातीला, टप्प्यांची किंमत नीट ठरवण्यात असते.

हिशेबनीस
या पद्धतीला माझा विरोध नाही. पण निधीदाराची लेखी संमती हवी, आणि चालू करार मध्येच असा बदलता येत नाही.

डोंगरदरी
टप्प्यांची पद्धत आम्हाला आवडेल, पण पहिल्या टप्प्याआधी हातात थोडी रक्कम द्या. काम करून मग पैसे घ्या म्हणालात तर ज्यांच्याकडे आधीच पैसे आहेत तेच गट टिकतील. मग अशी अनुदानं कुणासाठी?

साकव
मधुमालती, तुमच्या जागी मी असते तर निधीदाराला आजच लिहिलं असतं. शेवटच्या दिवसाआधी कळवलेलं त्यांना चालतं, नंतरचं नाही. काय आलंय, काय आलेलं नाही आणि त्याचं कारण एवढंच कळवा. गटांकडून दोन पानांचा अहवाल घेऊन त्यावरून चौदा पानं तुम्ही भरणार, असंही सांगून टाका. निधीदाराला हवी ती भाषा आणि तो साचा समन्वयकाने सांभाळावा, तो ओझं म्हणून गटांवर ढकलू नये, असं मी मनापासून मानते. आणि हप्ता सगळ्यांना एकच नियम लावून अडवू नका. ज्यांचं काम तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय आणि हिशेब जुळतोय त्यांना द्या. हिशेब अर्धवट पण काम चालू असेल तर गरजेपुरती रक्कम द्या. जिथे फोनही उचलत नाहीत तिथे थांबा आणि प्रत्यक्ष जाऊन या. प्रत्येक निर्णयाचं कारण फायलीत लिहून ठेवा.

हिशेबनीस
गरजेपुरती रक्कम देणं करारात बसतं का ते आधी पाहा. "समाधानकारक" कुणी ठरवायचं हे लिहिलेलं नसेल तर ते ठरवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे तुमच्या वरिष्ठांकडून लेखी घ्या. नाहीतर उद्या तुम्हालाच विचारतील. बाकी साकव यांच्याशी सहमत.

मधुमालती
यजमान संस्थेच्या लेखापालाशी बोलणं झालं. त्यांच्याकडे बहुतेक गटांच्या पावत्या फायलीत लावलेल्या आहेत. मागितल्याच नाहीत म्हणून पाठवल्या नाहीत, असं म्हणाले. निधीदाराला मेल केलीय, उत्तराची वाट बघतेय. आता गटांसाठी दोन पानांत नेमकं काय विचारू ते सांगा, उद्या सकाळी पाठवायचंय. @तक्तेवाला, तुमचे नऊ प्रश्न इथे टाकाल का?

तक्तेवाला
टाकतो. काय करायचं ठरलं होतं, काय झालं, काय राहिलं आणि का, किती लोकांना उपयोग झाला, त्यात बायका किती, पैसे किती आले, कशावर किती गेले, शिल्लक किती, पुढच्या हप्त्यात काय करणार. सोबत दोन फोटो. फोटोत लहान मुलं असतील तर पालकांना विचारूनच घ्या.

डोंगरदरी
आणि मराठीत पाठवा. लिहायला कुणाला जमत नसेल तर फोनवर बोलून तुम्हीच भरून घ्या, गटाला वाचून दाखवा आणि मग सही घ्या. आमच्याकडे असंच केलं तेव्हा दोन दिवसांत सगळ्यांचे अहवाल आले.

नवखा_कार्यकर्ता
वाचनालयासाठी कुणाला काही सुचलं तर सांगा.