चार सेलच्या बॅटरीवर जायचे आहे, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक) कोणता घ्यावा?

नमस्कार. माझ्या ९०० ग्रॅमच्या रिमोटवर उडणाऱ्या विमानात २२१२ आकाराची १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला सुमारे १००० फेरे) ब्रशलेस मोटर, १० बाय ४.५ चा (इंचांत व्यास बाय पिच) प्रॉपेलर, तीन सेलची लायपो बॅटरी आणि २० अँपिअरचा ईएससी आहे. पूर्ण थ्रॉटलला वॉटमीटर १४ अँपिअर दाखवतो. आता चार सेलची बॅटरी लावायची आहे. ईएससीवर 'दोन ते चार सेल' असे छापलेले असल्याने तोच चालेल असे वाटते, तरी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. विमानात चार सर्व्हो (दिशा बदलणाऱ्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आहेत.

प्रतिसाद १

आहे तोच प्रॉपेलर ठेवून चार सेल कृपया लावू नका. ईएससीवरील सेलची संख्या तो किती व्होल्टेज सोसेल एवढेच सांगते; मोटर किती प्रवाह ओढेल हे मुख्यतः प्रॉपेलरवर ठरते. प्रॉपेलर तोच राहिला तर प्रवाह साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तुमचे १४ अँपिअर २५ च्या जवळ जातील, आणि तेव्हा मोटरमधून सुमारे ३७० वॉट जात असतील. जेमतेम पन्नास-पंचावन्न ग्रॅमच्या मोटरीला हा भार पेलणारा नाही. मोठा ईएससी घेतलात तर ईएससी वाचेल, पण मोटरच्या वेटोळ्यांवरचे वार्निश जळेल. अशा मोटरीला उतरल्यावर बोट लावले की चटका बसतो आणि तो करपट वास विमानाच्या नाकाच्या टोकाशी फोममध्ये कितीतरी दिवस राहतो.

म्हणून आधी प्रॉपेलर बदला. प्रवाह व्यासाच्या जवळजवळ चौथ्या घाताने बदलत असल्यामुळे ८ बाय ४ लावल्यास तो पुन्हा दहाच्या आसपास येईल. ईएससी मात्र ३० अँपिअरचा घ्यावा, आणि तो आकडा सलग प्रवाहाचा आहे ना हे पाहावे. काही सेकंदांपुरता दिलेला आकडा निवडीसाठी धरू नये.

प्रतिसाद २

वरील हिशेबाशी सहमत आहे, पण मला बीईसीची, म्हणजे ईएससीतून सर्व्हो आणि रिमोटचे संकेत घेणाऱ्या रिसीव्हरला वीज पुरवणाऱ्या भागाची, अधिक काळजी वाटते. लिनिअर बीईसी जास्तीचे सगळे व्होल्टेज उष्णतेत घालवतो. पूर्ण चार्ज केलेल्या चार सेलचे १६.८ व्होल्ट ५ वर आणताना सर्व्होंनी ओढलेल्या प्रत्येक अँपिअरमागे जवळजवळ १२ वॉट उष्णता निर्माण होते, तीन सेलवर ती ८ च्या आत होती. बॅटरी उतरल्यावर ईएससी फक्त मोटर थांबवतो आणि विमान तरंगत उतरवता येते. बीईसी तापून बंद पडला तर रिसीव्हरच मरतो आणि हातात काहीच उरत नाही. चार सर्व्होंसाठी किमान ३ अँपिअरचा स्विचिंग (फार कमी उष्णता निर्माण करणारा) बीईसी असलेलाच ईएससी घ्यावा.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. स्विचिंग बीईसीचा ३० अँपिअरचा ईएससी आणि ८ बाय ४ चा प्रॉपेलर बसवला. पूर्ण थ्रॉटलला १०.२ अँपिअर आले आणि ईएससी कोमटच राहिला. मात्र मोटर आता उलटी फिरते आहे.

प्रतिसाद १

मोटरकडे जाणाऱ्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन आपसांत बदला. बॅटरीकडच्या लाल-काळ्या तारा मात्र चुकूनही उलट जोडू नका, ईएससी त्याच क्षणी जळतो.