पुस्तकाचं नाव लावता, मग त्यातला विचार का उलटा करता?

कृष्णविवर: काल एकाने लिहिलं, 'जुन्या विज्ञान कादंबऱ्या आता कोण वाचतंय, मालिकांनीच त्या जिवंत ठेवल्यात, वाचकांनी रडगाणं बंद करावं.' डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. आयझॅक आसिमोव्हची विज्ञान कादंबरी फाउंडेशन पुस्तकरूपात आली १९५१ ला. त्यात फाउंडेशन म्हणजे शास्त्रज्ञांची वसाहत, आणि तिचा प्रमुख सॅल्व्होर हार्डिन हिंसेला नालायकांचा शेवटचा आसरा मानतो आणि तसाच वागतो. शेजारच्या अॅनाक्रिऑन राज्याचं आरमार चालून येतंय आणि हा गडी शत्रूच्याच राजवाड्यात निःशस्त्र बसलाय. तिकडे जहाजावरचा पुजारी शाप देतो आणि सगळे दिवे फटकन जातात, कारण जहाज फाउंडेशननेच दुरुस्त करून दिलेलं आणि धर्मही त्यांनीच पसरवलेला. आणि २०२१ च्या मालिकेत? हार्डिन बंदूक घेऊन पळतेय. प्रसंग बदला, काळ बदला, पण लेखकाने जे नको म्हटलं तेच दाखवायचं असेल तर नाव दुसरं द्या ना.

धूमकेतू७: 'पळतेय' वरचा जोर दिसला हो. हार्डिन बाई केली ते झोंबलंय, सरळ सांगा.

कृष्णविवर: माझ्या तोंडी शब्द घालू नका. बाई असो बुवा असो, बंदूक का, एवढाच प्रश्न आहे.

जुना वाचक: मी पणतूचं उदाहरण देतो. एच. जी. वेल्सची कादंबरी टाइम मशीन, १८९५. त्यात भविष्यातल्या माणसांच्या दोन जाती, जमिनीवरचे इलॉय आणि जमिनीखालचे मॉरलॉक, का झाल्या? वरचा वर्ग आणि राबणारा वर्ग पिढ्यान्‌पिढ्या वेगळे राहिले म्हणून. २००२ चा सिनेमा वेल्सच्या पणतूनेच दिग्दर्शित केला, आणि त्यात नायक मेलेल्या प्रेयसीसाठी यंत्र बनवतो आणि चंद्र फुटल्यामुळे माणसं जमिनीखाली जातात. वर्गभेद गायब! घरच्याच माणसाने असं केल्यावर परक्यांना काय बोलणार.

रातकिडा: उलटं पण होतं की. माझा मोठा भाऊ फ्रँक हर्बर्टची ड्यून कादंबरी वाचून कित्येक वर्षं तिच्या नायकाला, पॉलला, देव मानायचा, आम्ही त्यावरून जेवताना भांडलोय. २०२४ च्या सिनेमात पॉलची प्रेयसी चानी शेवटी पाठ फिरवून निघून जाते, पुस्तकात तसं नाही, ती त्याच्यासोबतच राहते. पण तो प्रसंग बघून भाऊ पहिल्यांदा म्हणाला, 'अरे, हा तर धोकादायक माणूस आहे.' लेखकाला तेच तर सांगायचं होतं! मग प्रामाणिक कोण, शब्द पाळणारा की अर्थ पाळणारा?

धूमकेतू७: रातकिडा, शंभर टक्के. आणि बायकांचं म्हणाल तर फाउंडेशनच्या पहिल्या पुस्तकात बाई दुर्बीण लावून शोधावी लागते. आज तसंच्या तसं दाखवलं तर माझी मुलगी दहा मिनिटांत उठून जाईल. मालिका बघितली म्हणून तर तिने पुस्तक हातात घेतलं.

दुसरा_चंद्र: ताई, पहिल्या पुस्तकावर थांबू नका. १९५२ च्या दुसऱ्या भागात बेटा डॅरेल नावाची बाई आहे. म्यूल नावाच्या, लोकांची मनं ताब्यात घेणाऱ्या शत्रूला लपवून ठेवलेल्या दुसऱ्या फाउंडेशनचा पत्ता कळणार त्या क्षणी ती ब्लास्टर, म्हणजे किरणांची बंदूक, चालवते आणि आपल्याच माणसाला मारते. एवढ्या ताकदीची बाई मूळातच आहे, तिच्यापर्यंत धीर धरायचा ना.

नवखा: स्पॉयलर!! मी ते अजून वाचलं नाहीये!! इशारा देऊन लिहायला काय जातं लोकांचं? प्रत्येक चर्चेत हेच.

जुना वाचक: सत्तर वर्षांहून जुनं पुस्तक आहे बाळा.

नवखा: मला जुनं नाही, माझं वाचायचं राहिलंय. आणि बाळा म्हणू नका.

धूमकेतू७: थांबा, चंद्राने तर कृष्णविवर यांचाच मुद्दा पाडला. पुस्तकातही शेवटी शस्त्रच कामी येतं की!

कृष्णविवर: बेटाचं मान्य. पण सगळे उपाय संपल्यावर ती हात उचलते आणि उचलल्यावर कोसळते, म्हणून तर अंगावर काटा येतो. मालिकेत बंदूक सुरुवातीपासूनच हातात. आणि हो, सम्राटांचे क्लोन पुस्तकात नाहीत, तरी मालिकेतला सगळ्यात चांगला भाग तोच आहे, एवढं देतो तुम्हाला. पिढ्यान्‌पिढ्या तोच चेहरा गादीवर, साम्राज्य का सडतंय ते एका नजरेत कळतं. तसं बदला की! विचार पुढे नेणारं बदला.

धूमकेतू७: मग भांडण बंदुकीचं आहे, बाईचं नाही, हे पहिल्यांदाच लिहायचं होतं.

कृष्णविवर: पहिल्यांदाच लिहिलंय. वर जाऊन वाचा.