कलाकेंद्राला अनुदान कार्यक्रमासाठी मिळतं, वास्तू चालवण्यासाठी नाही. काय मांडावं?

तालीमघर:
आमच्या वस्तीत सार्वजनिक जागेत एक छोटं कलाकेंद्र आहे. लहानसा रंगमंच, वर तालमीची खोली, मागे मुलांचा चित्रकलेचा वर्ग. चालवतं आमचं विश्वस्त मंडळ. अर्ज आणि हिशेब माझ्याकडे असतात.

अनुदान दरवर्षी नव्याने मागायचं आणि तेही 'नवीन उपक्रमा'साठी. महोत्सव, कार्यशाळा, नवं नाटक असं काही लिहिलं की अर्ज पुढे सरकतो. वीज, विमा, गळकं छप्पर, सकाळी कुलूप उघडणाऱ्या माणसाचा पगार यांना 'आस्थापना खर्च' म्हणतात आणि त्यावर कात्री चालते. मंजुरीचं पत्र वर्ष सुरू होऊन गेल्यावर येतं. शेवटचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) दिल्यानंतर, म्हणजे खर्च आधीच झालेला असतो.

यात आमचा प्रकाशयोजनेचा तंत्रज्ञ गेला. रंगमंचावरची एकूण एक वायर त्याच्या हाताखालची. पुढच्या वर्षी काम असेल, एवढा शब्द आम्ही त्याला देऊ शकलो नाही. नंतर अनुदान आलं, पण तो दुसरीकडे रुजू झाला होता. नवी मुलं शिकतायत, पण शिकवणार कोण?

आता सांगतात, तिकीट वाढवा, स्वावलंबी व्हा. पुढच्या बैठकीत मी काय मांडू?

जमाखर्च:
तिकीट वाढवण्याच्या सल्ल्याला अर्थशास्त्रात जुनं उत्तर आहे. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन यांनी 1966 साली ते मांडलं. मोझार्ट या युरोपीय संगीतकाराची चार वाद्यांसाठीची रचना वाजवायला तेव्हाही चार वादक लागायचे, आजही चारच लागतात, आणि वेळही तेवढाच. कारखान्यात एक माणूस पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माल काढतो, म्हणून तिथली मजुरी वाढते. ती वाढली की कलाकाराचं मानधनही वाढवावं लागतं, नाहीतर तो दुसरं काम धरेल; काम मात्र तेवढ्याच माणसांचं राहतं. म्हणजे तूट तुमच्या गलथानपणामुळे येत नाही, ती या कामाच्या रचनेतच आहे. हे बैठकीत ठासून सांगा.

एक व्यवहाराची गोष्ट. रंगमंच तासभर चालू ठेवायला प्रत्यक्ष किती खर्च येतो ते काढा: वीज, सफाई, विमा, देखभाल, माणूस, सगळं धरून. मग प्रत्येक उपक्रमाच्या अंदाजपत्रकात तालमींसकट लागणारे सगळे तास त्या दराने दाखवा. छप्पर नसेल तर कार्यशाळा होणार नाही, तेव्हा छपराचा वाटा हा कार्यशाळेचाच खर्च आहे. नियमात 'जागेचा वापर' असं शीर्षक असेल तर बहुतेक वेळा हे बसतं.

पडद्यामागून:
मला काळजी वाटते ती अनुदानासाठी एकाच दारावर अवलंबून राहण्याची. इंग्लंडमधल्या ओल्डहॅमचं कोलिझियम थिएटर शंभराहून अधिक वर्षं जुनं. 2022 च्या नोव्हेंबरात आर्ट्स कौन्सिल इंग्लंडने, म्हणजे तिथे कलांसाठी सार्वजनिक पैसा वाटणाऱ्या संस्थेने, पुढच्या तीन वर्षांच्या अनुदानाची यादी काढली, त्यात त्याचं नाव नव्हतं. मार्च 2023 मध्ये ते बंद झालं. बर्मिंगहॅममध्ये तर सप्टेंबर 2023 मध्ये नगरपालिकेचीच तिजोरी कोलमडली आणि तिने शहरातल्या मोठ्या कलासंस्थांचं अनुदान आधी निम्म्यावर, मग शून्यावर आणायचं ठरवलं. इंग्लंडमध्ये वृद्ध आणि मुलांची देखभाल कायद्याने बंधनकारक आहे, नाट्यगृहांना अनुदान देणं नाही. त्यामुळे पैसा आटला की पहिली कुऱ्हाड इथेच पडते.

म्हणून रकमेइतकंच अटींसाठी भांडा. बहुवर्षीय करार मागा आणि अनुदान थांबवायचं असेल तर पुरेशी आगाऊ सूचना द्यायची अट घाला. त्याहून महत्त्वाचा जागेचा करार. इंग्लंडमधल्याच अॅथर्टनमधलं 'द स्नग' हे छोटं संगीतघर 2023 मध्ये कितीतरी लोकांच्या लहान लहान गुंतवणुकीतून विकत घेतलं गेलं, घरमालकाच्या मर्जीवर राहायला नको म्हणून.

सरळ_विचार:
दवाखान्यात खाटा कमी असताना सार्वजनिक पैसा नाटकावर का घालावा? खरंच विचारतोय. यातून पर्यटन वाढतं, रोजगार वाढतो असं प्रत्येक अर्जात वाचतो, ते पटत नाही.

तालीमघर:
सरळ_विचार, पर्यटनाचा मुद्दा मी मांडणारच नाही. आमच्याकडे बाहेरगावचं कुणी येत नाही आणि खोटी आकडेवारी देऊन मिळालेलं अनुदान पुढच्या वर्षी त्याच आकडेवारीने काढून घेतात. दुपारी ज्येष्ठांचा गाण्याचा वर्ग असतो. त्यातल्या काहींना आठवड्यात दुसरं कुणी नावाने हाक मारत नाही. ऐकू न येणारी मुलं संध्याकाळी हातवाऱ्यांतून नाटक बसवतात, त्यांच्या पालकांना पूर्ण खर्चाचं शुल्क कधीच झेपणार नाही. ग्रंथालय आपण सगळे मिळून चालवतो, तशीच ही जागा आहे. दवाखान्याचा पैसा मी मागत नाही. आधीच मंजूर होणारी रक्कम वेळेवर आणि पुढची काही वर्षं नक्की मिळावी, एवढंच मागते.

जमाखर्च, तासाचा दर काढायला बसले आहे. रिकाम्या तासांचा खर्च कुठे धरायचा? सकाळी रंगमंच रिकामा असतो, पण विमा चालूच असतो.

जमाखर्च:
रिकामे तास भाजकात धरू नका. वर्षाचा एकूण खर्च भागिले प्रत्यक्ष वापरलेले तास. दर मोठा दिसेल, पण खरा तोच आहे.

तालीमघर:
बरं. पडद्यामागून, जागेच्या कराराचा मसुदाही याच बैठकीत येतोय. त्यात सगळी दुरुस्ती आमच्यावर टाकली आहे, छपरासकट. छप्पर आणि भिंती मालकाकडे, आतलं सगळं आमच्याकडे, असा करार कुणी केला असेल तर त्या कलमांची भाषा इथे द्याल का?