चंचुवाळा की अंधसर्प?

रानभूल: सापांच्या माहितीफलकांचं भाषांतर करतोय. एक फलक ग्रायपोटिफ्लॉप्स ॲक्युटसचा. बिनविषारी, फक्त भारतीय द्वीपकल्पात सापडतो, दोनेक फुटांपर्यंत वाढतो, तोंडाचं टोक पोपटाच्या चोचीसारखं खाली वळलेलं. मी ‘चंचुवाळा’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी खोडून ‘चोचधारी अंधसर्प’ केलं. म्हणे, वाळा माठात घालतात!

खटपट्या: बाईंना म्हणावं, कुंडी उचलून बघा. खाली वळवळतो तो काळपट, वीतभरही नसलेला, तो वाळा. चंचुवाळा त्याचा थोरला भाऊ.

आंबटगोड: आमच्याकडे वाळे म्हणजे गांडुळं. ‘अंगणात वाळे निघाले’ असंच आजी म्हणायची. साप कुठून आणलात?

खटपट्या: आजीने दोन्हींना एकच नाव दिलं असणार. नीट पाहा, गांडुळाच्या अंगावर वळ्या असतात आणि ते बुळबुळीत लागतं. वाळ्याला चकचकीत खवले, आणि जीभही काढतो. हातात धरला की शेपटीचं काटेरी टोक रुतवतो. लोक ओरडतात, डसला! मुंग्या-वाळवीची अंडी खाणारा तो, डसतोय कसला.

शब्दवेल्हाळ: वलय, त्यावरून वाळा. बाळाच्या पायातला, तोच. वेटोळं आठवा.

मुळशोध्या: छे. खसाच्या मुळांसारखा बारीक आणि मातीतला, म्हणून वाळा. वेटोळं काय, सगळेच साप घालतात.

प्रमाणवादी: गावोगाव शब्द बदलतात. फलकावर एकच अर्थ निघेल असा शब्द हवा. अंधसर्पात चूक काय?

खटपट्या: चूक हीच, की इंग्रजी नावाला नुसतं सोवळं नेसवलंय. शिवाय पुरता आंधळा नाही तो. खवल्याखाली डोळ्यांचे काळे ठिपके असतात, उजेड-अंधार कळतो.

विदर्भवाला: आमच्याकडे याला दुतोंड्या म्हणतात.

प्रमाणवादी: दुतोंड्या म्हणजे मांडूळ!

मुळशोध्या: मांडुळाची मक्तेदारी नाही हो. पॅट्रिक रसेल या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १७९६च्या सापांवरच्या पुस्तकात कुंडीतल्या वाळ्याचं विशाखापट्टणमकडचं नाव ‘रोंडू तलूलू पाम’ असं छापलंय. तेलुगूत रेंडु तलल पामु, दोन डोक्यांचा साप. ब्रामिनस हे त्याचं शास्त्रीय नाव फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँने नंतर, १८०३ मध्ये दिलं.

आंबटगोड: हा ब्रामिनस म्हणजे तोच ना, ज्यात नर नसतातच? सगळ्या माद्या, नराशिवाय अंडी घालतात. एक मादी कुंडीच्या मातीतून परदेशी गेली तरी वंश चालू. मग ‘तो वाळा’ कसा? ‘ती वाळी’ म्हणा.

शब्दवेल्हाळ: वाळी कानात घालतात, बाई.

रानभूल: मंडळी, माझा साप चंचुवाळा आहे. फलक परवा छापायला जातोय.

प्रमाणवादी: लिंग शब्दाला असतं, जनावराला नव्हे. घूस नर असली तरी ‘ती’ घूस.

आंबटगोड: मग मुंगळा?

शब्दवेल्हाळ: मुंगळा म्हणजे मुंगीचा नवरा नव्हे. वेगळा धागा काढा.