चावरेपणा आणि अपुरी झोप
कुत्र्याचे पिल्लू चावले की गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने त्याच्या नाकावर हलकेच मारावे, असा एक उपाय सुचवला जातो; तो मला पटत नाही. त्याने पिल्लू फक्त हाताला बिचकू लागते. दुधाचे २८ दात पडून कायमचे ४२ येईपर्यंत, म्हणजे साधारण ४ ते ७ महिने या वयात, हिरड्या शिवशिवतात हे खरेच, मात्र चावण्यामागे झोपेचाही मुद्दा असतो. या वयात पिल्लाला दिवसाकाठी १८ तासांच्या आसपास झोप लागते आणि ती न मिळाल्यास ते पेंगण्याऐवजी दमलेल्या लहान मुलासारखे चेकाळते.

आमची साडेचार महिन्यांची गावठी कुत्री रोज संध्याकाळी सातच्या सुमारास आईच्या साडीच्या निऱ्यांना लोंबकळायची आणि भिंतीवरच्या पालीवरही भुंकायची. आम्ही तिला आणखी फिरवून दमवत होतो, ते नेमके उलटे पडत होते. शेवटी दुपारी पडदे ओढून, ओला करून फ्रीझरमध्ये गोठवलेला पंच्याचा पिळा चघळायला देऊन तिला दोन तास आतल्या खोलीत निजवू लागलो, तेव्हा आठ-दहा दिवसांत तिने निऱ्यांना लोंबकळणे सोडले. अंगावर उड्या मारणे मात्र अजून चालू आहे. तिचे चारही पाय जमिनीला टेकेपर्यंत कोणी तिच्याकडे बघायचे नाही असे ठरले आहे, पण शेजारचे काका दारातूनच लाड सुरू करतात.