उत्तर: पावसाळाभर झाकून ठेवलेली गाडी दिवाळीआधी चालू करायची आहे

मंडळी, नमस्कार.

बेळगावात टिळकवाडीतल्या घरच्या पोर्चमध्ये गाडी जूनच्या पहिल्या आठवड्यापासून उभी आहे. पेट्रोल, मॅन्युअल गिअर, २०१९ची, बॅटरी ४५ एएच (अँपिअर-तास). टाकी निम्मी. वर कव्हर, हँडब्रेक ओढलेला, बॅटरीची वायर काढलेली नाही. आम्ही ऑक्टोबरअखेर पोचतोय. पुतण्या विचारतोय, "आत्या, किल्ली मारून बघू काय?" मारू दे का?

— टोरांटोहून

*

थांबा ओ ताई. किल्ली सगळ्यात शेवटी. त्याला आधी टॉर्च आणि रबरी हातमोजे घ्यायला सांगा.

आपल्याकडे पावसात उभ्या गाडीचा पहिला शत्रू उंदीर. बॉनेटखाली कोरडी, उबदार, अंधारी जागा त्याला दुसरी कुठली मिळणार? बॉनेट उघडण्याआधी वरून दोनचार थापा मारायच्या. उंदरामागे सापही येतो, खानापूर-जांबोटीकडच्यांना हे सांगायला नको. मग बघायचं ते असं: इंजेक्टरच्या आणि सेन्सरच्या वायरी, काचेवर पाणी मारायची बारीक नळी, बॉनेटच्या आतलं अस्तर, एअर फिल्टरचा डबा उघडून त्यात घरटं आहे का, आणि डॅशबोर्डच्या खणामागचा एसीचा फिल्टर. तिथे चिंध्या असताना ब्लोअर लावला की पंखा अडकतो आणि वास आठवडाभर जात नाही. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. ब्लीचच्या पाण्याने भिजवून पुसाव्यात, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो. वायर कुरतडलेली दिसली तर तिथेच थांबायचं. उघडी तांब्याची तार बॉडीला लागली तर फ्यूज उडतो, नशीब वाईट असेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जातो, आणि त्या खर्चात अख्खं वायरिंग बदलून होतं.

आता बॅटरी. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, ईसीयू मिळून साधारण ३० मिलिअँपिअर खातात. दिवसाला पाऊण एएच धरा. ४५ एएचची बॅटरी दोन महिन्यांत रिकामी, तुमचे तर चार होऊन गेले. मल्टिमीटर लावून आकडा कळवा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली म्हणजे जवळजवळ संपलेली. १०.५च्याही खाली असेल तर जंप (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून चालू करणं) देण्यात अर्थ नाही, प्लेटांवर सल्फेट चढलेलं असतं.

चार्जिंग सावकाश करायचं. ४ अँपिअरने दहाबारा तास, बॅटरी गाडीतून बाहेर काढून, मोकळ्या हवेत. दहा नंबरचा पाना घ्यायचा, काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. हा क्रम उलटला तर पाना बॉडीला टेकताच ठिणगी उडते. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी धरली असेल तर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश पुरतो. घरच्या इन्व्हर्टरवर ही बॅटरी कुणी लावू नये. तो करंट दीडशे एएचच्या बॅटरीच्या मापाचा असतो.

— उद्यमबागेतून

*

दादांच्या म्हणण्यात जंपचं राहिलं. शेजारची गाडी चालते, लॉरी नाही! लॉरीचं वायरिंग २४ व्होल्टचं, ते १२च्या गाडीला दिलं की सगळी इलेक्ट्रॉनिक्स एका झटक्यात. ट्रॅक्टर १२ व्होल्टचा असतो, पण स्टिकर वाचल्याशिवाय तोही नको.

लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीला नाही, तर इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.

आणि धक्का मारून चालू करायचा विचार डोक्यातून काढा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तापतो. धक्का मारून शंभर रुपये वाचवायला हजारोंचा भाग घालवू नका.

— खानापूरहून

*

विनिपेगहून एवढंच. आमच्याकडे −३० होतं, तेव्हा रिकामी बॅटरी चक्क गोठते (भरलेली गोठत नाही). गोठलेल्या बॅटरीला जंप देऊ नये, फुटू शकते. इंजिन गरम करणारा ब्लॉक हीटर आधी दोनतीन तास लावावा लागतो. ताई, टोरांटोची गाडी तिकडेच हिवाळाभर उभी ठेवणार असाल तर बॅटरी काढून घरात आणा. बेळगावात यातलं काही लागत नाही, तिथे ओल हाच वैरी.

एक विचारतो: पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं ना? चार महिन्यांत पाणी नाही का धरत?

*

धरतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि ओल हद्दीबाहेर गेली की पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी बसतो. पंप तळातूनच ओढतो. टाकी रिकामी असेल तेवढी हवा जास्त, म्हणून ठेवताना टाकी भरून ठेवायची. चार महिन्यांत, झाकण घट्ट असेल तर, बहुधा काही होत नाही. गाडी चालू झाली की १५ लिटर ताजं घाला. पण इंजिन अडखळून बंद पडत राहिलं तर वरून ताजं ओतून भागेलच असं नाही, टाकी उपसावी लागते. डिझेलवाल्यांनी फिल्टरखालचा बोल्ट सैल करून आधी पाणी काढावं, स्वच्छ डिझेल येईपर्यंत.

— उद्यमबागेतून

*

पुतण्याने बघून कळवलं: बॅटरी १०.९. वायरी शाबूत. टायर २० पीएसआय. गाडी ढकलली तर हलत नाही.

— टोरांटोहून

*

१०.९ला चार्जर लावून बघा. भरून झाल्यावर रात्रभर तशीच ठेवायची, सकाळी १२.४च्या खाली उतरली तर नवी घ्या, वाट बघू नका.

टायर आधी ३३ करा. जमिनीला टेकलेला भाग चपटा बसलेला असतो, पाचदहा किलोमीटरला थरथर जाते. नाही गेली तर टायरच्या बाजूचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. मूळचेच, २०१९चे टायर असतील तर नक्षी भरपूर दिसली तरी रबर कडक झालेलं असणार.

हलत नाही ते हँडब्रेकमुळे. मागच्या ब्रेकच्या ड्रमला ओलीने लायनर (ब्रेकचे पट्टे) चिकटले आहेत. एक्सिलेटर दाबून ओढू नका, लायनर सुटून येतो. हँडब्रेक सोडा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट (दगड किंवा लाकडाचा ठोकळा) लावा, मागचं चाक जॅकवर घेऊन काढा आणि ड्रमच्या कडेला गोल फिरत लाकडी हातोडीने ठोका. पुढच्या डिस्कवरची तांबूस गंज चारदोन हलक्या ब्रेकांत जाते, तिची काळजी नको.

त्यानंतर इंजिनचं तेल. डिपस्टिकवर दुधट रंग दिसला तर त्यात पाणी आहे, चालू करू नका. कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी बघा. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर आत्ताच बदला, तेही ओल धरतं.

आता किल्ली. गाडी पोर्चच्या तोंडाशी आणा, बंद जागेत धूर कोंडतो. गिअर न्यूट्रल, क्लच दाबलेला, एसी-दिवे बंद. किल्ली ऑनवर नेऊन तीन सेकंद थांबा, पंपाचा घूं आवाज थांबला की बंद. असं दोनदा, म्हणजे लाइनमध्ये प्रेशर येतं. मग स्टार्टर, पाच सेकंद, फार तर दहा. नाही लागली तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा. लागली की रेस करायची नाही. तेलाचा लाल दिवा दोनतीन सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. मल्टिमीटर पुन्हा लावा: १३.८ ते १४.५ मिळाले तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी भरणारा भाग) ठीक.

— उद्यमबागेतून

*

निघण्याआधी एक परीक्षा: इंजिन बंद असताना ब्रेक चारपाच वेळा दाबायचा, पेडल कडक होईल. तसाच दाबून ठेवून चालू करायचं, पेडल किंचित खाली गेलं तर सर्वो (ब्रेकला जोर देणारा भाग) काम करतो. क्लच दाबूनही गिअर करकरत असेल तर क्लच प्लेट चिकटली आहे. पंधरा मिनिटं इंजिन तापू द्या, तरी नाही सुटली तर मेकॅनिकला घरी बोलवा, कसरती नकोत.

पहिली फेरी वीस-तीस मिनिटांची, घराभोवतीच. तेवढ्याने सायलेन्सरमधलं पाणी उडून जातं. चोर्ला घाट दुसऱ्या दिवशी. आणि गाडी रस्त्यावर काढण्याआधी इन्शुरन्स आणि पीयूसीची तारीख बघा. चार महिन्यांत दोन्ही संपलेली असू शकतात.

— खानापूरहून