मदत हवी आहे: जंताच्या अर्काची पीसीए चाचणी ४८ तासांनी कोरी का?

पाषाणकर
पीसीए म्हणजे पॅसिव्ह क्यूटेनिअस ॲनाफिलॅक्सिस, सीरममधली ॲलर्जीची प्रतिपिंडं दुसऱ्या प्राण्याच्या कातडीत तपासायची चाचणी. डुकरातल्या गोल जंताचा (ॲस्कारिस सुअम) अर्क, विस्टार रॅट. ५०० मायक्रोग्रॅम प्रथिन फ्रॉइंड्स कम्प्लीट ॲडज्युव्हंटमध्ये (प्रतिकार प्रतिक्रिया वाढवणारं तेलकट मिश्रण), १४ दिवसांच्या अंतराने दोनदा. २१व्या दिवशीचं सीरम नव्या रॅटच्या पाठीच्या कातडीत ०.१ मिली. ४ तासांनी शेपटीच्या शिरेतून अर्क आणि इव्हान्स ब्ल्यू हा निळा रंग दिला तर १५ मिमीचे निळे ठिपके. दुसऱ्या गटाला ४८ तासांनी दिलं, तर काहीच नाही. सीरम खराब झालंय का?

सूक्ष्मदर्शी
सीरम ठणठणीत आहे, त्यात आयजीई (ॲलर्जी घडवणारं मुख्य प्रतिपिंड) नाही एवढंच. ४ तासांचा ठिपका आयजीजी२ए या दुसऱ्या प्रतिपिंडाचा. ते मास्ट पेशींना (कातडीतल्या, ॲलर्जीची रसायनं सोडणाऱ्या) सैल चिकटतं आणि दोन दिवसांत निघून जातं. आयजीई ४८-७२ तासांनंतरही घट्ट बसलेलं असतं. चूक टोचणीत आहे: भरमसाट प्रथिन आणि फ्रॉइंड्स, दोन्ही आयजीजीकडे ढकलतात. १० मायक्रोग्रॅम अर्क, १-२ मिग्रॅ ॲलम (ॲल्युमिनियमच्या क्षाराचा ॲडज्युव्हंट), पोटाच्या पोकळीत टोचून. सोबत मारलेले पर्ट्युसिस (डांग्या खोकल्याचे) जिवाणू दिले तर रॅटमध्ये आयजीई चांगलं चढतं. रक्त १०व्या ते १४व्या दिवशी घ्या. ब्राउन नॉर्वे जात मिळाली तर विस्टारच्या नादी लागू नका.

नवं सीरम आलं की त्यातलं थोडं ५६ अंशांवर तापवून पाहा. आयजीई असेल तर ४८ तासांचा ठिपका मावळतो.

गारठा
एक शंका. दोन गट वेगळ्या दिवशी केलेत ना? पुण्यातल्या डिसेंबरात सकाळी शेपटीच्या शिरा आकसतात, सुई शिरेबाहेर जाते आणि सगळंच कोरं दिसतं. शेपटी कोमट पाण्यात धरा. त्याहून बरं म्हणजे एकाच रॅटमध्ये डावीकडे ४८ तास आधी आणि उजवीकडे ४ तास आधी सीरम टोचा, मग रंग एकदाच. उजवा ठिपका उमटला म्हणजे डोस पोचला. शेजारी साध्या रॅटचं सीरमही हवंच. सुईच्या जखमेनेही बारीक निळं दिसतं. अर्ध्या तासाने कातडी उलटून आतून मोजा, ५ मिमीखालचं सोडून द्या.

पाषाणकर
दिवस वेगळेच होते. ॲलमवर लगेच जाऊ का?

सूक्ष्मदर्शी
आधी प्राणी नैतिकता समितीकडे सुधारित अर्ज. ॲडज्युव्हंट बदलला की तो लागतोच. आणि वाळवलेला अर्क उघड्यावर तोलू नका. ॲस्कारिसची ॲलर्जी हाताळणाऱ्यालाच जडते, आधी शिंका, मग दमा. जुनं सीरम फेकू नका, ४ तासांच्या ठिपक्याला तोच पॉझिटिव्ह कंट्रोल (ठिपका उमटतो हे माहीत असलेला तुलनेचा नमुना).